बोर्डावरचे पैसे

२०१९च्या मार्चअखेरीस आई-बाबा इकडे न्यू जर्सीला आले. पहिला आठवडा जेट लॅगमध्ये गेला, दुसरा प्रत्येक किमतीला सत्तरने गुणण्यात. मग बाबांना संध्याकाळी सातचा एक उद्योग सापडला: टीव्हीवरचा 'जेपर्डी!' हा क्विझ शो. (ते उद्गारचिन्ह नावातच आहे, माझ्या पदरचं नाही.) बाबा आयुष्यभर बँकेत होते. रिटायर झाल्यापासून शब्दकोडं आणि केबीसी ही त्यांची दोन दैवतं. त्यामुळे परक्या देशात परक्या उच्चारांत का होईना, सामान्यज्ञानाची गंगा घरात वाहते म्हटल्यावर ते खूश होते.

पण त्यांचं नशीब असं की नेमका तेव्हाच जेम्स होल्झाउअर नावाचा लास व्हेगासचा माणूस तिथे रोज जिंकत होता. आणि तो जे करायचा ते बाबांच्या क्विझच्या कल्पनेत बसत नव्हतं. बोर्डावर वरच्या सोप्या प्रश्नापासून सुरुवात करायची सोडून हा थेट तळाचा, सगळ्यात महागडा प्रश्न मागायचा. संधी मिळाली की हातातली सगळी रक्कम पणाला लावायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी बाबांनी निकाल दिला, "हा विद्वान नाही रे, जुगारी आहे."

आता तांत्रिकदृष्ट्या बाबांचं शंभर टक्के बरोबर होतं. हा माणूस खेळांवर पैसे लावूनच पोट भरायचा. तरीही मला ते पटेना, आणि त्यावरून आमचं दोन महिने रोज जेवताना वाजलं. आपण मराठी माणसं, वाद जिंकायचा तर वाचन करणं आलं. त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज लिहितोय.

ज्यांनी हा प्रकार बघितलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे नियम. तीन स्पर्धक. बोर्डावर सहा विषय, प्रत्येकाचे पाच प्रश्न, वरून खाली महाग होत जाणारे. पहिल्या फेरीत २०० ते १,००० डॉलर, दुसऱ्या फेरीत ४०० ते २,०००. बझर दाबून बरोबर सांगितलं की तेवढे पैसे जमा, चुकलं की तेवढेच वजा, आणि ज्याचं बरोबर येतं तो पुढचा चौकोन निवडतो. काही चौकोनांत 'डेली डबल' लपलेला असतो, पहिल्या फेरीत एक आणि दुसऱ्या फेरीत दोन. तो ज्याला सापडतो त्यालाच तो प्रश्न मिळतो, आणि आपल्याकडच्या रकमेतून हवे तेवढे पैसे त्यावर लावता येतात. शेवटी एक प्रश्न सगळ्यांना. त्याचा फक्त विषय आधी सांगतात आणि प्रत्येकाने गुपचूप आपली बोली लिहायची.

आणि एक नियम, ज्याकडे बाबांचंच काय, माझंही वर्षानुवर्षं लक्ष गेलं नव्हतं. बोर्डावर जमलेले पैसे फक्त जिंकणाऱ्याला मिळतात. २०१९मध्ये दुसऱ्या नंबरला सरसकट २,००० डॉलर होते आणि तिसऱ्याला १,०००. तुमच्या नावापुढे १८,००० दिसत असले आणि तुम्ही हरलात, तर ते १८,००० कधी तुमचे नव्हतेच. या नियमाला एवढं धरून बसतोय कारण पुढची सगळी गोष्ट यावरच फिरते.

आता जरा मागे जाऊ. अमेरिकेत टीव्हीवर क्विझचं खूळ आलं ते १९५५मध्ये, 'द सिक्स्टी फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन'पासून. लोक घरदार सोडून बघायचे. मग १९५६मध्ये 'ट्वेंटी-वन' आला. त्याचा पहिला भाग अगदी प्रामाणिकपणे खेळवला आणि तो इतका रटाळ झाला की प्रायोजक भडकला. त्यानंतर निर्मात्यांनी ठरवलं की नशिबावर काही सोडायचं नाही. हर्ब स्टेम्पेल नावाच्या स्पर्धकाला उत्तरं शिकवली, शर्ट कुठला घालायचा आणि घाम कधी पुसायचा तेही शिकवलं. तो फार जिंकला, लोकांना कंटाळा आला, तेव्हा त्याला हरायला सांगितलं. डिसेंबर १९५६मध्ये त्याला विचारलं की १९५५चं सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर कुणाला. उत्तर 'मार्टी'. हा स्टेम्पेलचा आवडता सिनेमा होता! आणि त्याने ठरल्याप्रमाणे, लाखो लोकांसमोर, मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं. त्याला हरवणारा चार्ल्स व्हॅन डोरेन हा कोलंबिया विद्यापीठातला देखणा प्राध्यापक, घराणं नामवंत. त्याने १,२९,००० डॉलर जिंकले. १९५९मध्ये संसदीय समितीसमोर त्याने कबूल केलं की त्यालाही सगळं आधीच सांगितलं जात होतं. १९६०मध्ये असली फसवणूक गुन्हा ठरवणारा कायदा झाला. (रॉबर्ट रेडफर्डचा १९९४चा 'क्विझ शो' यावरच आहे. बघितला नसेल तर या वीकेंडला बघा, आयपीएलचा एक सामना चुकला तर काही बिघडत नाही.)

'जेपर्डी!' जन्माला आला तो याच बदनामीतून. क्विझ शो म्हटलं की चॅनेलवाले दार लावून घ्यायचे असे ते दिवस. निर्माता मर्व्ह ग्रिफिन विमानातून येत असताना त्याची बायको ज्युलन त्याला म्हणाली, मग तुम्ही सरळ उत्तरंच का देऊन टाकत नाही? आणि तिने त्याला एक आकडा टाकला, ५,२८०. त्याने ओळखलं, एका मैलात किती फूट. म्हणजे उत्तर चोरून द्यायची भानगडच नको, उघड देऊ आणि स्पर्धकाने प्रश्न सांगायचा. १९६४च्या मार्चमध्ये शो सुरू झाला आणि १९७५पर्यंत चालला. त्या जुन्या शोमध्ये ज्याने जेवढे मिळवले तेवढे त्याचे असायचे. झालं असं की पुरेसे पैसे जमले की काही जण बझरला हातच लावायचे नाहीत. टीव्ही किंवा सोफ्यापुरते झाले ना, मग कशाला धोका? म्हणून १९८४मध्ये अ‍ॅलेक्स ट्रेबेकला घेऊन शो पुन्हा आणला तेव्हा मघाचा नियम घातला: पैसे फक्त विजेत्याला.

नियम बदलला खरा. पण माणसं तशीच खेळत राहिली. डेली डबल सापडला की हातात ६,००० असले तरी हजार-दीड हजार लावायचे. का? तर चुकलं तर 'आपले' पैसे जातील! जे आपले नव्हतेच ते.

(त्याच १९८४मध्ये दुसऱ्या एका शोवर मायकल लार्सन नावाच्या ओहायोतल्या माणसाने गंमत केली. 'प्रेस युअर लक'चा बोर्ड लकलक करत फिरायचा आणि बटण दाबलं की थांबायचा. लोकांना वाटायचं नशीब. लार्सनने घरी टेप करून, पुन्हा पुन्हा बघून ओळखलं की दिवे पाचच ठरावीक क्रमांनी फिरतात. ते पाठ केले आणि १,१०,२३७ डॉलर घेऊन गेला. चॅनेलवाल्यांनी नियम चाळले, त्यात न चुकता बघत बसायला बंदी आढळली नाही, पैसे द्यावे लागले. आमच्या धंद्यात याला रँडम नंबर जनरेटरवर पैसे वाचवणं म्हणतात.)

'जेपर्डी!'वर पहिला वेगळा खेळला तो चक फॉरेस्ट, १९८५मध्ये. मिशिगनचा कायद्याचा विद्यार्थी. एकाच विषयात वरून खाली न उतरता तो या विषयातून त्या विषयात उड्या मारायचा. पुढचा चौकोन कुठला हे त्याला क्षणभर आधी माहीत असायचं आणि बाकीचे दोघे इतिहासातून रसायनशास्त्रात मान वळवेपर्यंत हा बझरवर. कल्पना मूळची त्याच्या एका मित्राची, पण नाव 'फॉरेस्ट बाउन्स' पडलं. पाच दिवसांत ७२,८०० डॉलर. तेव्हा पाच दिवसांनंतर विजेत्याला घरी पाठवायचे.

मला नवल वाटतं ते यानंतरचं. मार्ग दिसला होता. पुस्तक सुद्धा लिहिलं त्याने. तरी पुढची वीस-पंचवीस वर्षं बहुतेक लोक गुणी मुलांसारखे वरून खालीच उतरत राहिले. प्रश्न लिहिणारे वरून खाली असा क्रम धरून लिहितात, ट्रेबेकलाही तसंच आवडायचं, प्रेक्षकालाही बरं वाटतं. म्हणजे कुठेही लिहिलेला नसलेला नियम. आपल्या लग्नात पहिल्या पंगतीला कोण बसणार हे तरी कुठे लिहिलेलं असतं?

२००३मध्ये पाच दिवसांची मर्यादा उठली आणि २००४मध्ये केन जेनिंग्ज आला. सॉल्ट लेक सिटीचा सॉफ्टवेअर इंजिनिअर. (कॉलर ताठ!) ७४ विजय, २५,२०,७०० डॉलर. बाबांच्या मनातला आदर्श स्पर्धक म्हणजे हा. विनम्र, मिश्किल, सगळं माहीत असलेला, आणि बऱ्यापैकी क्रमाने खेळणारा. तो हरला तो डाव मात्र बोलीच्या गणिताचा छान नमुना आहे. शेवटच्या प्रश्नाआधी जेनिंग्जकडे १४,४०० आणि नॅन्सी झर्गकडे १०,०००. तिने सगळे लावून दुप्पट केले तर २०,००० होतील, म्हणून त्याने लावले ५,६०१. बरोबर आलं तर २०,००१, एका डॉलरने पुढे. चुकला तर ८,७९९. आता झर्गच्या बाजूने बघा. जेनिंग्ज असंच लावणार हे दिसत होतं. म्हणजे तिने १,२००पर्यंत काहीही लावलं असतं तरी तो चुकल्यावर ती जिंकणार, मग तिला उत्तर येवो न येवो. तिने लावले ४,४०१. जेनिंग्जने काहीच लावलं नाही तर त्याला एका डॉलरने गाठायला. प्रश्न असा होता की कुठल्या कंपनीचे सत्तर हजार हंगामी कर्मचारी वर्षाला चारच महिने काम करतात. जेनिंग्ज म्हणाला फेडेक्स. उत्तर होतं एच अँड आर ब्लॉक, कर भरून देणारी कंपनी, जे ऑनसाइटला आलेल्या कुठल्याही देशी माणसाने एप्रिल महिन्यात झोपेतही सांगितलं असतं. झर्गला ते आलं. नसतं आलं तर ५,५९९वर येऊन ती हरली असती आणि जेनिंग्ज पंच्याहत्तरावा डाव जिंकला असता.

मग आमच्याच बिरादरीतले लोक यात घुसले. २०१०मध्ये रॉजर क्रेग या कॉम्प्युटर सायन्सवाल्याने जुन्या प्रश्नांचा सगळा डेटा उतरवून, कुठले विषय किती वेळा येतात ते काढून अभ्यास केला आणि एका दिवसात ७७,००० डॉलरचा विक्रम केला. पुढच्या वर्षी विजेत्यांच्या स्पर्धेत त्याने लागोपाठ दोन डेली डबलवर सगळेच्या सगळे लावले. आणि २०११च्या फेब्रुवारीत आयबीएमचा वॉटसन. लोकांच्या लक्षात राहिलं ते त्याने 'अमेरिकन शहरं' या विषयाखाली टोरांटो लिहिलं तेवढंच. माझ्या लक्षात राहिल्या त्याच्या बोली. ६,४३५. ९४७. असे आकडे माणूस लावतच नाही, माणूस २,००० लावतो, ५,००० लावतो. वॉटसन प्रत्येक वेळी एवढंच मोजत होता की किती लावले तर जिंकायची शक्यता जास्तीत जास्त. टोरांटोवर चुकला तेव्हा फक्त ९४७ गेले, कारण तो आधीच मैलभर पुढे होता. डेली डबल बहुतेक खालच्या ओळींत असतात हेही त्याला डेटावरून ठाऊक होतं आणि तो तिथेच खणायचा. शेवटी त्याचे ७७,१४७ आणि जेनिंग्जचे २४,०००. त्याला बोर्डावरचा आकडा पैसा वाटतच नव्हता, आकडाच वाटत होता. माणसाला हे जमवायला अजून आठ वर्षं लागली.

मधे २०१४मध्ये आर्थर चू येऊन गेला. ओहायोत विम्याच्या कंपनीत काम करणारा, चुरगळलेला शर्ट, चेहऱ्यावर हसू नाही, बोर्डभर डेली डबल शोधत फिरणारा. खेळांच्या विषयात डेली डबल सापडला तर पाच डॉलर लावून सरळ 'माहीत नाही' म्हणून मोकळा! त्याला उत्तर द्यायचंच नव्हतं, दुसऱ्याच्या हाती तो चौकोन पडू द्यायचा नव्हता. एकदा पुढे असताना त्याने मुद्दाम अशी बोली लावली की समोरची दुप्पट झाली तर बरोबरी व्हावी. बरोबरीत तेव्हा दोघांनाही पैसे मिळायचे आणि दोघेही परत यायचे, मग एक डॉलर जास्त लावून धोका वाढवायचा कशाला? पुढे बरोबरीचा तो नियमच बदलला. चू अकरा डाव आणि २,९७,२०० डॉलर जिंकला आणि ट्विटरवर लोकांनी त्याला धू धू धुतला. शो नासवला म्हणे. मला वाटतं, लोकांचा राग त्याच्या चालींवर कमी आणि त्या लपवल्या नाहीत यावर जास्त होता.

आणि मग बाबांचा जुगारी. होल्झाउअरने नवीन काही शोधलं नाही, हे आधी सांगतो. उड्या फॉरेस्टच्या, तळ खणणं वॉटसन आणि चूचं, सगळं पणाला लावणं क्रेगचं. फक्त तो हे सगळं एकत्र, रोज, हसत हसत करायचा. तळाचे हजारवाले आधी घ्यायचे म्हणजे डेली डबल सापडेपर्यंत लावायला हाताशी भरपूर रक्कम असते. मग सगळी लावायची. समजा तुम्हाला चारातले तीन प्रश्न येतात आणि हातात ४,००० आहेत. हजार लावत राहिलात तर सरासरीने ४,५००वर पोचाल, सगळे लावलेत तर ६,०००वर. यात काही रॉकेट सायन्स नाही. १७ एप्रिलला त्याने एका दिवसात १,३१,१२७ केले. ३२ विजयांत २४,६२,२१६, म्हणजे जेनिंग्जला ७४ दिवसांत जे मिळालं ते जवळजवळ सगळं निम्म्याहून कमी दिवसांत. आणि हो, तो चुकायचा फारच कमी. प्रश्नच येत नसतील तर सगळे लावून घरी जायला एक दिवस पुरतो. तयारीसाठी लहान मुलांची चित्रांची पुस्तकं वाचली, असं तो सांगायचा. बाबांना हे कळल्यावर ते पहिल्यांदा थोडे विरघळले.

त्याला जमलं आणि बाकीच्यांना नाही, याचं कारण मला त्याच्या धंद्यात दिसतं. रोज मोठ्या रकमा लावणं आणि हरणं त्याच्या अंगवळणी पडलेलं. बाकी स्पर्धक म्हणजे शिक्षक, ग्रंथपाल, वकील, इंजिनिअर. त्यांना समोर ८,००० दिसले की घराचा हप्ता दिसतो.

"मग केबीसीत का नाही कोणी असं खेळत?" बाबांचा हुकमी प्रश्न. याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. ते सप्टेंबरात मिळालं, बाबा पुण्याला परतल्यावर. अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे केबीसीत एक कोटी जिंकल्या. शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या, पगार महिना १,५०० रुपये. सात कोटींच्या प्रश्नावर त्या थांबल्या. मी ऑफिसात बसून हिशेब केला. चुकलं तर हातात ३,२०,०००, बरोबर आलं तर सात कोटी. अगदी डोळे मिटून चारातला एक पर्याय निवडला तरी सरासरी पावणेदोन कोटींच्या वर निघते. म्हणजे गणित म्हणतं, खेळा! मी हे बाबांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "ती सरासरी तिच्या दारात घेऊन जा, चहा मिळतो का बघ." आणि ते बरोबरच होते. केबीसीत थांबलं की पैसे खरोखर आपले असतात. समोर प्रतिस्पर्धी नसतो, दुसरा डाव नसतो. तिथे एक कोटी हा आकडा नाही, तो एक कोटी रुपये आहे. तीच चाल न्यू जर्सीतल्या माझ्या टीव्हीवर शहाणपणाची आणि तिथे वेडेपणाची.

पण हे नंतरचं. मे महिन्यात मधे दोन आठवडे शिक्षकांची स्पर्धा लागली, होल्झाउअर दिसेना, तेव्हा बाबा रोज सातला विचारायचे, "तो जुगारी कधी येणार?" मी काही बोललो नाही.

३ जूनला तो हरला. शिकागो विद्यापीठातल्या ग्रंथपाल एमा बोएचरने हरवलं. 'जेपर्डी!'चा प्रश्न सोपा की अवघड हे त्याच्या शब्दांवरून कॉम्प्युटरला ओळखता येईल का, यावर तिने मास्टर्सचा प्रबंध लिहिला होता. आणि ती त्याच्याच पद्धतीने खेळली. दुसऱ्या फेरीतले दोन्ही डेली डबल तिला सापडले आणि तिने हात आखडता घेतला नाही. शेवटच्या प्रश्नाआधी तिचे २६,६००, त्याचे २३,४००, तिसऱ्याचे ११,०००. उत्तर दोघांनाही आलं. तिचे झाले ४६,८०१. आणि सगळं लावणाऱ्या या माणसाने लावले होते फक्त १,३९९.

दुसऱ्या दिवशी लोक म्हणायला लागले की हा मुद्दाम हरला. बाबाही म्हणाले, "बघ, कंटाळा आला असेल. नाहीतर एवढेसे कशाला लावेल?" मी त्यांना कॉस्टकोच्या पावतीची मागची बाजू आणि पेन दिलं.

त्यांनी आधी एमाचं मांडलं. त्याचे दुप्पट ४६,८००. म्हणजे ती २०,२०१ लावणार. तिला आलं तर हा काहीही लावून हरतोच. चुकली तर ६,३९९, म्हणजे ती खेळातून गेलीच. "मग याला भीती कुणाची?" बाबा स्वतःशीच पुटपुटले आणि तिसऱ्याकडे वळले. ११,०००चे दुप्पट २२,०००. मग २३,४००मधून १,३९९ वजा केले. हातचा घेताना एकदा चुकले, खोडलं, परत केलं.

२२,००१.

बाबा थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्याखाली बँकेत ताळा जमला की मारायचे तशा दोन रेघा मारल्या आणि आईला म्हणाले, "अगं ऐकलंस का, एका रुपयाचाही हिशेब सोडत नाही हा माणूस." डॉलर म्हणायचं ते विसरले.